शाळेत राकू: चिमटा मुलांच्या हाती द्यावा का?

प्रश्न असा आहे. विचारणारे स्वतः सिरॅमिकचं काम करतात. एका शाळेनं त्यांना पाहुणे शिक्षक म्हणून एका दिवसासाठी बोलावलंय. आठवी-नववीची चाळीसेक मुलं आहेत आणि सोबत गॅसवर चालणारी एक छोटी भट्टी. सकाळी मुलांनी वस्तू घडवायच्या आणि संध्याकाळी राकू करून (म्हणजे लालबुंद भांडं भट्टीतून काढून भुशाच्या धुरात कोंडून) घरी न्यायच्या, अशी शाळेची कल्पना आहे. हे जमेल का, माती आणि ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) कोणतं घ्यावं, आणि लालबुंद भांडं भट्टीतून बाहेर काढायचं काम मुलांना द्यावं का?

आधी पहिल्याचं उत्तर. एका दिवसात जमणार नाही, आणि हे शाळेला आजच कळवा. ओली वस्तू पूर्ण सुकायला हवामानाप्रमाणे आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. त्यानंतर बिस्क भाजणी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, मग ग्लेझ, आणि मग कुठे राकू. मातीत थोडा जरी ओलावा राहिला तरी शंभर अंशाला त्याची वाफ होते आणि भांडं भट्टीतच फुटतं. तेही एकटं फुटत नाही. त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर जाऊन पडतात आणि पुढे ग्लेझ वितळलं की तिथेच चिकटतात. राकूची भट्टी वेगानं तापते, त्यामुळे हा धोका नेहमीच्या भाजणीपेक्षा मोठा.

म्हणून दोन भेटी मागून घ्या, मध्ये किमान दोन आठवडे ठेवून. पहिल्या भेटीत घडवणं, दुसऱ्या भेटीत ग्लेझ आणि भट्टी. मधली बिस्क तुमच्या स्टुडिओत. शाळा एकाच दिवसावर अडून बसली तर तुम्हीच बिस्क केलेल्या वाट्या घेऊन जा आणि मुलांकडून फक्त ग्लेझ आणि भट्टी एवढंच करून घ्या. त्यात निम्मी मजा जाते हे खरं. पण ओल्या वस्तू हीटरजवळ ठेवून संध्याकाळपर्यंत भट्टीत सरकवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

आता वेळेचं गणित. छोट्या भट्टीत तळहातात मावतील अशी सहा-सात भांडी बसतात. पहिल्या फेरीला भट्टी थंड असते म्हणून तासभर जातो, पुढच्या फेऱ्या पंचवीस-तीस मिनिटांत होतात. काढणं, पुन्हा भरणं आणि थोडा दम खाणं यांची पंधरा मिनिटं धरा. चाळीस मुलांच्या सहा फेऱ्या म्हणजे सहज पाच तास. त्यामुळे दिवस सकाळी लवकर सुरू करा आणि वस्तूचा आकार आधीच ठरवून द्या: मुठीएवढ्या मातीच्या गोळ्यातून अंगठ्यानं दाबत केलेली वाटी, त्याहून मोठं काही नाही. चाक आणूच नका. चाळीस मुलं आणि एक चाक म्हणजे एकोणचाळीस मुलं रांगेत. शिवाय राकूची मूळ परंपराही हातानं घडवलेल्या भांड्यांचीच आहे.

वाटीबरोबर प्रत्येकाकडून अंगठ्याएवढी एक चपटी पट्टीही करून घ्या. माझ्या मते अख्ख्या कार्यशाळेत सगळ्यात जास्त शिकवते ती ही पट्टी, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. वाटीला लावलं तेच तांब्याचं ग्लेझ पट्टीला लावायचं. दोन्ही एकाच फेरीत भाजायचं. मग वाटी जाते भुशाच्या पिंपात आणि पट्टी तशीच उघड्यावर, वाळूवर थंड होते. शेवटी मुलाच्या एका हातात लालसर, धातूसारखी चमकणारी वाटी असते आणि दुसऱ्या हातात हिरवट पट्टी. ग्लेझ तेच, आच तीच, फरक फक्त हवेचा. पिंपात जळणाऱ्या भुशाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून तो तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे तांबं उरतं. रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिलेलं हे समीकरण मुलांना क्वचित आठवतं. पण एका हातात तांबडं आणि दुसऱ्यात हिरवं आलं की मूल आपणहून विचारतं, असं का झालं? पट्टी नसेल तर राकू म्हणजे नुसती आतषबाजी. टाळ्या वाजतात आणि सगळे घरी जातात.

माती खरबरीत हवी. स्टोनवेअरच्या मातीत २० ते ३० टक्के ग्रॉग, म्हणजे आधीच भाजून दळलेली माती, असलेलं मिश्रण उत्तम. ग्रॉग एकदा भाजलेला असल्यामुळे पुन्हा आकसत नाही. अंगात बारीक पोकळ्या ठेवतो आणि तडा सुरू झालाच तर त्याची वाट अडवतो. हजार अंशांवरून भांडं थेट हवेत येतं तेव्हा बाहेरचा थर झपाट्यानं आकसतो आणि आतला अजून फुगलेलाच असतो. ही ओढाताण गुळगुळीत, घट्ट मातीला सोसत नाही. भिंत सगळीकडे सहा ते आठ मिलिमीटर, एकसारखी. मुलांच्या वाट्यांना कड पातळ आणि बूड जाडजूड असतं, आणि तडा हमखास तिथेच, बूड आणि भिंत जुळतात त्या वळणावर जातो. म्हणून वाटी थोडी घट्ट झाली की बूड खरवडून घ्यायला लावा. मोठ्या चपट्या ताटल्या नकोत. लांब कान, शेपट्या आणि कपासारखे जोडलेले दांडे चिमट्यात सापडून तुटतात. प्राणीच करायचा हट्ट असेल तर तो पोकळ, बसलेला आणि गोलमटोल असू द्या.

नाव ओल्या मातीतच, बुडावर सुईनं कोरायचं. पेन्सिलीनं लिहिलेलं भट्टीत उडून जातं, आणि चाळीस काळ्या वाट्यांमधून आपली ओळखायची म्हणजे मुलांमध्ये युद्धच.

बिस्क साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. फार वर नेली तर अंग घट्ट होतं आणि राकूचा झटका सोसत नाही. फार खाली ठेवली तर भांडं चिमट्यातच चुरतं.

ग्लेझ तीनच न्या: पारदर्शक, पांढरं आणि तांब्याचं. सात-आठ बाटल्या मांडल्या की मुलं सगळ्याच वापरतात आणि हाती चिखली रंग येतो. जुनं सोपं सूत्र म्हणजे गर्स्टली बोरेट (बोरॉनचं खनिज) ८० भाग आणि नेफेलिन सायनाइट (फेल्डस्पारच्या जातीचा दगड) २० भाग. गर्स्टली मिळत नसेल तर शिसं नसलेला, कमी आचेवर वितळणारा बोरॉन फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) आणि त्यात दहा-पंधरा टक्के चायना क्ले, अशी सुरुवात करून स्टुडिओत नमुने भाजून बघा. पांढऱ्यासाठी त्यात टिन ऑक्साइड, तांब्यासाठी तीन ते पाच टक्के कॉपर कार्बोनेट. शिसं, बेरियम, क्रोम आणि मँगनीज यांना शाळेच्या आवारात आणूच नका. पावडरी तुमच्याकडेच मास्क लावून कालवायच्या; मुलांपुढे येतं ते फक्त तयार, ओलं ग्लेझ आणि ब्रश. सांडलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडू नाही, कारण सिलिकाची धूळ उडते.

ब्रशचे दोन-तीन भरघोस हात लागतात. बूड आणि त्यालगतची अर्धा सेंटिमीटर पट्टी कोरी ठेवायची, नाहीतर वाटी शेल्फला चिकटते. आणि इथे थोडा वेळ काढून मुलांना सांगा की जिथे ग्लेझ नसेल तिथली माती पिंपात धूर पिऊन पूर्ण काळी होणार आहे. म्हणजे काळा रंग बाटलीत नाही, तो ग्लेझ न लावता मिळवायचा. मास्किंग टेपचे तुकडे द्या. टेप लाव, वरून ग्लेझ दे, टेप काढ. एवढं समजलेलं मूल पुढचा अर्धा तास मान वर करत नाही. पुष्कळ मुलं वाटी आतून-बाहेरून माखून टाकतात आणि मग शेजाऱ्याच्या काळ्या पट्ट्या बघून हळहळतात, म्हणून हे ब्रश हातात देण्याआधी सांगायला हवं.

भट्टीची जागा मोकळ्या मैदानात, इमारतीपासून लांब, खाली माती किंवा वाळू. आजूबाजूचं वाळलेलं गवत आदल्या दिवशी कापून भिजवून घ्या. शेडमध्ये किंवा व्हरांड्यात लावू नका, पाऊस आला तरीसुद्धा. तापलेल्या भांड्यावर पावसाचा थेंब पडला की तडा जातो, त्यामुळे पर्यायी तारीख सुरुवातीलाच ठरवून ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो, म्हणून भट्टी खड्ड्यात नको. सिलिंडर उभा आणि भट्टीपासून चांगला लांब. नळीचे सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासून घ्या. भट्टी आतून लाल होण्याआधी बर्नर विझला तर लगेच काडी ओढू नका. गॅस बंद करा, भट्टी उघडून काही मिनिटं हवा खेळू द्या, मगच पेटवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर सिलिंडरवर दव, मग बर्फ धरायला लागतं. आतला द्रव झपाट्यानं वायू होताना स्वतःची उष्णता गमावतो, दाब पडतो आणि आच वर चढेनाशी होते. उपाय म्हणजे मोठा सिलिंडर, किंवा दोन सिलिंडर जोडून त्यांच्यावर भार वाटून देणं. सिलिंडरला बाहेरून आच देऊन बर्फ उतरवायचा विचारही नको.

भट्टीला आतून सिरॅमिक फायबरचं (उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारखं) अस्तर असेल तर तिची डागडुजी आणि लेप घरीच उरका आणि मुलांना तिला हात लावू देऊ नका. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. रिफ्रॅक्टरी सिरॅमिक फायबरला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं '२ब' गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत. नवी भट्टी बांधणार असाल तर शरीरात विरघळणाऱ्या प्रकारचं फायबर घ्या.

सुरुवातीला आच सावकाश. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, त्यामुळे सहाशेपर्यंत घाई नको, पुढे जोर लावा. आधी ग्लेझ कोरडं, मंद दिसतं. मग त्यावर बुडबुडे येतात, पृष्ठभाग खडबडीत होतो. नवशिके इथेच भट्टी उघडतात. थांबा. बुडबुडे बसून सगळं सपाट झालं आणि ओल्या काचेसारखं चमकायला लागलं की भांडी तयार. तापमानाचा काटा तेव्हा ९५० ते १००० अंशांच्या मध्ये असतो, पण थर्मोकपल, म्हणजे भट्टीत खुपसलेला तापमापक, एका कोपऱ्यातलं सांगतं. शेवटचा शब्द डोळ्यांचा.

मात्र हा काटा मुलांच्या ताब्यात द्या. दोघं दोघं पाळीपाळीनं बसतील, दर पाच मिनिटांनी तापमान मोठ्यानं वाचतील आणि आलेख काढतील. दुसऱ्या फेरीचा आलेख पहिल्यापेक्षा उभा का चढला, हे तिसऱ्या फेरीपर्यंत कुणीतरी सांगतंच.

आता चिमटा. नाही, मुलांना देऊ नका. आठवी-नववीला तर नाहीच. त्यांच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. हरकत मापाची आहे. लांब चिमटा जड असतो, धग छाती-चेहऱ्यावर येते, आणि चामड्याचे हातमोजे मोठ्यांच्या मापाचे असल्यानं लहान हातात फिरतात. सैल हातमोज्यात पकड लागत नाही. भांडं निसटलं की मूल ते पायानं अडवायला जातं, ही सहज प्रतिक्रिया आहे आणि ती कितीही सूचना दिल्या तरी जात नाही. या कामाला तीन मोठी माणसं हवीत: एक भट्टीचं झाकण उचलणारा, एक चिमटेवाला, एक पिंपाजवळ. तिघांनी आदल्या दिवशी थंड भांड्यावर चार-पाच वेळा रंगीत तालीम करायची, मुलांना घड्याळ लावून मोजायला सांगून. तालमीत कोण कुठे वळतं आणि कुणाच्या वाटेत कोण येतं ते लगेच दिसतं.

पिंपाचीही पद्धत बदला. नेहमीची रीत म्हणजे भुसा भरलेल्या पिंपात भांडं सोडायचं आणि वरून झाकण लावायचं. भांडं भुशाला टेकताच ज्वाळा वर येते, ती नेमकी झाकणवाल्याच्या तोंडाकडे. शाळेत उलटं करा. जमिनीवर वाळूचा थर, त्यावर ओंजळभर भुसा, त्यावर भांडं, आणि वरून डबा पालथा घालायचा. काठाभोवती वाळू लोटली की हवा बंद. ज्वाळा डब्याखालीच गुदमरते. भुसा नेहमी वाटतो त्यापेक्षा कमी लागतो; जास्त भुशानं नुसता धूर होतो, काम करतं ते घट्ट झाकण. भुसा साध्या लाकडाचा घ्या. प्लायवूडचा किंवा रसायन मारलेल्या लाकडाचा भुसा जळताना विषारी धूर सोडतो. डबा साध्या लोखंडी पत्र्याचा हवा, जस्त चढवलेला नको; तापल्यावर जस्ताची वाफ छातीला बाधते.

तांब्याच्या ग्लेझची वाटी भट्टीतून निघाल्यापासून काही सेकंदांत डब्याखाली गेली पाहिजे. पारदर्शक आणि पांढऱ्याची मात्र उलटी गोष्ट, ती वीस-तीस सेकंद हवेत धरायची. इथे मुलांना एकदम गप्प राहायला सांगा. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणानं चिरा पडतात, तेव्हा टिंग, टिंग असा बारीक आवाज येतो. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, आणि हात वर झाले की चिमटेवाल्यानं वाटी भुशावर ठेवायची. म्हणजे वेळ मुलांनी ठरवली. नंतर त्याच चिरांमध्ये काजळी शिरून काळं जाळं उमटतं.

डबा वीस मिनिटं, जमलं तर जास्त, हलवू नका. उघडताना तोंडापासून लांबची कड आधी उचला, कारण आत कोंडलेल्या वायूंना हवा मिळाली की भडका उडू शकतो. पुष्कळ कलाकार लगेच भांडं पाण्यात बुडवतात, चर्र आवाज होतो, लोक खूश. शाळेत तो प्रकार टाळलेला बरा. वाफ उसळते आणि वाचलेली भांडीही तडकतात. डब्याखालीच थंड होऊ दिलं तरी तांबं टिकतं.

मुलं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पाच मीटरवर आखलेल्या रेषेमागे. सुती कपडे, बंद चामडी बूट, केस बांधलेले. गणवेशात पॉलिएस्टर असेल तर त्या दिवशी गणवेश नको, ते वितळून कातडीला चिकटतं. दम्याची मुलं कोण, हे आधी विचारून घ्या आणि त्यांना धुरापासून पुरेसं लांब बसवा. साधा मास्क कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. पाण्याचा चालू नळ किंवा पाइप हाताशी ठेवा. भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ किंवा मलम नाही, आणि मग डॉक्टर. रेषा मुलं पाळतात. ओलांडतात ती मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला पुढे सरकणारी मोठी माणसं, तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना वेगळं बजावा.

इतिहास सांगायचा तर पहिली फेरी तापते तेवढ्यात होतो, पण सरळ सांगा. सोळाव्या शतकात क्योटोमध्ये चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरो यानं हातानं घडवलेले चहाचे वाडगे केले. त्याच्या घराण्यात आज सोळावी पिढी काम करते. त्यांची काळी भांडी तापलेली असतानाच भट्टीतून काढतात, पण भुसा आणि धुराचं पिंप त्यात नाही. ते १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर या सिरॅमिक कलाकाराच्या प्रयोगांतून आलं. तुम्ही मुलांना दाखवताय ते हे दुसरं. त्याला शेकडो वर्षांची जपानी पद्धत म्हणून दाखवणं चुकीचं ठरेल, आणि जपानी कुटुंबावर तो अन्यायही.

काही वाट्या फुटणार. हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवा, नाहीतर फुटलेल्या वाटीचं मूल दिवसभर कोपऱ्यात बसतं. तुकडे टाकू नका. टेबलावर मांडा आणि मुलांना विचारा, तडा कुठून सुरू झाला? जाड बुडापासून, जोडापासून, की चिमट्यानं धरलेल्या कडेपासून? तुकड्याची कड बघायला लावा: बाहेरचा थर काळा आणि आत मातीचा मूळ रंग दिसला, तर धूर कुठवर मुरला तेही कळतं. कडेवरही काजळी असेल तर भांडं धुरात असतानाच किंवा त्याआधी फुटलंय. कड स्वच्छ असेल तर नंतर थंड होताना. असं टेबल लागलं की ज्याची फुटली तोच तिथे उभा राहून बाकीच्यांना समजावत असतो.

थंड वाट्या घासायचं काम पूर्ण मुलांचं. तारेची घासणी, थोडी भांडी घासायची पावडर आणि बादलीभर पाणी. काजळीखालून जाळं आणि तांबं वर येताना बघण्यात त्यांना जो आनंद मिळतो, तो भट्टी उघडतानाच्या आनंदाहून कमी नसतो, त्यामुळे तुम्हीच घासून देऊ नका.

घरी नेताना प्रत्येक वाटीत एक चिठ्ठी घाला. ही वाटी शोभेची आहे, यात खायचं-प्यायचं नाही. अंग सच्छिद्र आहे, ग्लेझला चिरा आहेत आणि त्यात तांबं आहे. पाणीही भरून ठेवू नका, ते झिरपून खालचं लाकूड खराब करील. तांब्याची चमक हवेनं हळूहळू उतरेल आणि वाटी हिरवट होत जाईल. हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे वर्षानं ती पट्टी वाटीशेजारी ठेवून बघतील.